पाचगणीचा ‘हेक्टिक्स’ : पाच शाळकरी मित्रांचा बँड

सातारा जिल्ह्यातील पाचगणी म्हटले, की टेबललँडचे पठार, स्ट्रॉबेरी आणि निवासी शाळा या तीन गोष्टी बहुतेकांना आठवतात. जागतिक पॉप संगीताच्या इतिहासातही या गावाची एक नोंद आहे आणि ती मराठी वाचकाच्या फारशी परिचयाची नाही. १९५८ साली येथील सेंट पीटर्स शाळेत पाच विद्यार्थ्यांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा हौशी बँड काढला. त्यात पियानो वाजवणारा बारा वर्षांचा पारशी मुलगा फारोख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगाला ठाऊक झाला. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा तो मुख्य गायक. लाखालाखाच्या जनसमुदायाला केवळ आवाजाच्या बळावर खेळवणारा हा कलावंत आपल्या पहिल्या बँडमध्ये मात्र मुख्य गायक नव्हता. तो पियानोशी बसे आणि मागून सूर भरी.

झांझिबार ते पाचगणी

फारोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर, स्टोन टाउन या जुन्या वस्तीत झाला. वडील बोमी बलसारा ब्रिटिश वसाहत सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आईचे नाव जेर. हे घराणे मूळचे गुजरातेतील बलसाडचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. बलसारा हे आडनाव त्या गावावरूनच आले. नोकरी-व्यापारासाठी पूर्व आफ्रिकेत गेलेल्या अनेक पारशी, गुजराती कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही झांझिबारला स्थिरावले होते. मुलाचे शिक्षण मात्र हिंदुस्थानात व्हावे असे आईवडिलांना वाटत होते. मुंबईत आजी-आजोबा आणि मावशी-आत्यांचा गोतावळा होता, तोही आधार होताच.

वयाच्या आठव्या वर्षी फारोखला बोटीने मुंबईला आणि तेथून पाचगणीला पाठवण्यात आले. बोटीचा प्रवास कित्येक दिवसांचा, तर मुंबईहून पाचगणी सुमारे अडीचशे किलोमीटर. पुणे, वाई आणि पसरणीचा घाट ओलांडून वर यायचे. प्रत्येक सुटीत झांझिबारला जाऊन परतणे शक्य नसल्याने काही सुट्या मुंबईच्या नातलगांकडेच जात. आईवडिलांची भेट क्वचित होई. निवासी शाळेत शिकलेल्यांना या वियोगाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आठ वर्षांच्या मुलाला नवे घर शोधावेच लागते. कोणी ते खेळाच्या मैदानात शोधतो, कोणी पुस्तकात. फारोखला ते संगीताच्या खोलीत सापडले असे दिसते.

ब्रिटिश अमदानीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाचगणी वसले. कृष्णा खोऱ्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर उंचीवर. महाबळेश्वरइतका धुवाधार पाऊस येथे नसतो आणि उन्हाळाही सौम्य असतो. त्यामुळे आधी युरोपियनांची विश्रांतिस्थाने, मग आरोग्यधामे आणि त्यापाठोपाठ निवासी शाळा असा गावाचा विस्तार झाला. सेंट पीटर्स ही विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपियन मुलांसाठी निघालेली शाळा. स्वातंत्र्यानंतर तिच्यात पारशी, अँग्लो-इंडियन, नेपाळी आणि परदेशस्थ हिंदी कुटुंबांतील मुले एकत्र राहू लागली. शिस्त, खेळ आणि प्रार्थना यांचा साचा विलायतीच राहिला. इंग्रजी पद्धतीचे समूहगान, वार्षिक नाटके आणि पियानो या गोष्टी त्या साच्याबरोबर आपोआप आल्या.

एक पत्र आणि थोडे शुल्क

फारोखने लहानपणीच पियानोला हात लावला होता. त्याची जाण पाहून शाळेच्या प्रमुखांनी पालकांना पत्र लिहिले आणि थोडे अधिक शुल्क भरल्यास मुलाला रीतसर संगीत शिकता येईल असे सुचवले, अशी नोंद त्याच्या चरित्रकारांनी केली आहे. पालकांनी होकार दिला. पाश्चात्त्य पियानोवादनाच्या लेखी व प्रात्यक्षिक परीक्षांत तो चौथ्या श्रेणीपर्यंत उत्तीर्ण झाला. शाळेच्या गायकवृंदात तो गाई, नाटकांत भाग घेई, टेबल टेनिस उत्तम खेळे आणि मुष्टियुद्धाच्या रिंगणातही उतरे. १९५८ मध्ये कनिष्ठ गटातील अष्टपैलू विद्यार्थ्याचा चषक त्याला मिळाला. ‘फ्रेडी’ हे नाव पाचगणीच्याच मित्रांत रूढ झाले. पुढे आलेल्या दातांवरून ‘बकी’ हे टोपणनावही त्याला मिळाले होते आणि ते त्याला मुळीच आवडत नसे.

सहाध्यायींच्या आठवणींत एक गोष्ट हमखास येते. रेडिओवर एखादे गाणे एकदा ऐकले, की फ्रेडी पियानोवर ते जवळजवळ जसेच्या तसे वाजवून दाखवी. स्वरलिपी वाचून वाजवणे ही एक विद्या, कानाने उचलणे ही दुसरी. आपल्याकडील पेटीवाल्यांना दुसरी चांगली अवगत असते. विलायती पद्धतीच्या शिक्षणात मात्र पहिलीवरच भर असतो. या मुलाकडे दोन्ही होत्या.

ते संगीत घाटावर कसे पोहोचले?

१९५०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत ‘रॉक अँड रोल’ची लाट उसळली. एल्विस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो ही तिची मोठी नावे. इंग्लंडमध्ये १९५८ साली क्लिफ रिचर्ड हा तरुण गायक पुढे आला. योगायोग असा, की त्याचा जन्मही हिंदुस्थानातला, लखनौचा.

ही गाणी आपल्याकडे मुख्यतः तबकड्या, चित्रपट आणि रेडिओ सिलोन यांच्या मार्गाने आली. १९५२ मध्ये केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटसंगीताची कोंडी झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ‘बिनाका गीतमाला’ याच काळातली. सिलोनच्या इंग्रजी सेवेतून पाश्चात्त्य पॉप गाणीही देशभर ऐकू येत. एका मराठी मंत्र्याने शास्त्रीय संगीतासाठी दार लावून घेतले आणि शेजारच्या देशाच्या खिडकीतून रॉक अँड रोल आत आले, असा हा उलटा परिणाम.

हिंदी चित्रपटसंगीतही या लाटेपासून दूर राहिले नव्हते. सी. रामचंद्र यांनी ‘आशा’ (१९५७) या चित्रपटातील ‘ईना मीना डिका’मध्ये नव्या तालाचा रंग आणला. त्याआधी ‘अलबेला’च्या (१९५१) वेळी त्यांना चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकाची साथ होती. मुंबईच्या हॉटेलांतील नृत्यसंगीत आणि चित्रपटांचे वाद्यवृंद हे प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी सांभाळलेले क्षेत्र. म्हणजे पाचगणीच्या मुलांनी ज्या संगीताचे वेड घेतले, ते मुंबईच्या कानांना अगदीच परके नव्हते. मात्र मुंबईतील वादक पोटासाठी वाजवत होते. शाळकरी मुलांनी केवळ आपल्या आनंदासाठी बँड काढणे ही त्या काळी नवी गोष्ट होती.

पाच जणांची जुळवाजुळव

‘हेक्टिक्स’मधील कामाची वाटणी अशी होती :

ब्रूस मरे – मुख्य गायक
डेरिक ब्रांच – गिटार
फरंग इराणी – बास
व्हिक्टरी राणा – ड्रम
फारोख ‘फ्रेडी’ बलसारा – पियानो आणि साथीचे गायन

यातील बास हे वाद्य दुकानातले नव्हते. चहाच्या लाकडी खोक्यापासून मुलांनी ते स्वतः तयार केले होते. हे वाद्य समजून घेण्यासारखे आहे. प्लायवूडचे रिकामे खोके पालथे घालायचे, त्याच्या पाठीला मधोमध भोक पाडून दोरी ओवायची आणि दोरीचे दुसरे टोक उभ्या काठीच्या वरच्या टोकाला बांधायचे. काठी मागे ओढली की दोरी ताणली जाऊन स्वर चढतो, सैल सोडली की उतरतो. खोके नादपेटीचे काम करते. स्वर अचूक लागेलच असे नाही, पण ‘धुम् धुम्’ असा भरणा मिळतो आणि गाण्याला बूड येते. इंग्लंडमध्ये लॉनी डोनेगनने १९५६च्या सुमारास लोकप्रिय केलेल्या ‘स्किफल’ प्रकारात हेच वाद्य असे. हिंदुस्थान आणि सिलोनहून विलायतेला चहा ज्या खोक्यांतून जाई, तीच खोकी तेथील मुले वाजवत होती. ती कल्पना फिरून पाचगणीला आली.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे संगीत जमू शकले याचे कारण त्याच्या रचनेत आहे. त्या काळच्या पुष्कळ रॉक अँड रोल गाण्यांचा सांगाडा तीन स्वरसंघातांवर, म्हणजे तीन कॉर्डवर उभा असतो. सरगमच्या भाषेत सांगायचे तर पहिला सा-ग-प, दुसरा म-ध-सा आणि तिसरा प-नी-रे. चार-चार मात्रांची बारा आवर्तने असतात. पहिली चार ‘सा’च्या कॉर्डवर, पुढची दोन ‘म’वर, दोन पुन्हा ‘सा’वर, मग एक ‘प’वर, एक ‘म’वर आणि शेवटची दोन ‘सा’वर. एवढे हातात बसले, की डझनावारी गाणी वाजवता येतात. ख्यालगायकीत रंगमंचावर बसण्याआधी वर्षानुवर्षे तालीम लागते, येथे महिन्याभरात मित्रांसमोर उभे राहता येते. कस लागतो तो उत्साहाचा आणि एकमेकांचे ऐकण्याचा.

पांढरे सदरे, काळे निमुळते टाय, चुण्यांच्या विजारी आणि भरपूर तेल लावून वर वळवलेले केस असा या पाच जणांचा थाट असे. शाळेच्या समारंभांत ते क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड आदींची गाणी सादर करत. शेजारच्या मुलींच्या शाळेतील विद्यार्थिनी अशा कार्यक्रमांना येत आणि परदेशी चाहत्यांच्या नकलेत किंचाळूनही घेत, अशा आठवणी माजी विद्यार्थ्यांनी सांगितल्या आहेत. स्वतःची रचना करण्याची या मुलांची महत्त्वाकांक्षा नव्हती. रेडिओवर ऐकलेले हुबेहूब उतरवणे हेच त्यांचे ध्येय होते.

फ्रेडीच्या घडणीतला त्याचा वाटा कोणता? पहिली गोष्ट म्हणजे वाद्यवृंदाचा कणा होण्याची सवय. एका तारेचा बास आणि हौशी गिटार असताना गाण्याची स्वररचना सावरण्याचे काम पियानोलाच करावे लागते. दुसरी म्हणजे साथीचे गायन. मुख्य आवाजाला धक्का न लावता त्याच्याखाली-वर सूर बसवणे ही कला शाळेच्या गायकवृंदात आणि या बँडमध्ये एकाच वेळी मुरत होती. ‘क्वीन’च्या गाण्यांत एकावर एक रचलेल्या आवाजांचे जे मनोरे आढळतात, त्यांचा पाया येथे शोधणे अप्रस्तुत ठरणार नाही. तिसरी गोष्ट प्रेक्षकांची. अबोल, दातांमुळे संकोचणारा मुलगा वाद्याजवळ बसला की बदलतो, हे मित्रांनी पाहिले आणि बहुधा त्यालाही तेथेच कळले.

तेव्हाच लिव्हरपूलमध्ये

याच सुमारास इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे जॉन लेनन या विद्यार्थ्याने आपल्या क्वारी बँक शाळेतील मित्रांना जमवून ‘द क्वारीमेन’ हा स्किफल बँड काढला होता. १९५६ साली निघालेल्या त्या बँडमध्येही चहाच्या खोक्याचा बास होता आणि तालासाठी कपडे धुण्याचा खरबरीत पत्रा. ६ जुलै १९५७ रोजी वूल्टन येथील चर्चच्या जत्रेत त्यांचे वादन झाले. त्या दिवशी लेननची पॉल मॅकार्टनीशी ओळख झाली आणि पुढे तिच्यातून ‘बीटल्स’ उभे राहिले. त्या चर्चचे नावही सेंट पीटर्सच.

दोन्ही बँडचे प्रारंभ सारखे, पुढच्या वाटा मात्र निराळ्या. लिव्हरपूलच्या मुलांना शाळा सुटल्यावरही एकच शहर होते, तेथे नाचाची सभागृहे होती, तळघरातील क्लब होते, चार पैसे देणारे आयोजक होते. १९५८ मध्ये त्यांनी स्थानिक ध्वनिमुद्रकाकडे जाऊन एक तबकडीही करून घेतली. पाचगणीच्या मुलांना शाळा संपताच आपापल्या गावी, किंबहुना आपापल्या देशी जावे लागणार होते. ‘हेक्टिक्स’ भांडणाने फुटला नाही की अपयशाने संपला नाही. शालेय वर्षे संपली आणि तोही थांबला. जगाला त्याची ओळख आहे ती छायाचित्रांतून आणि आठवणींतून. त्याचा आवाज कोणी ऐकवू शकत नाही.

पाच वाटा

पुढे या पाच जणांची आयुष्ये जितकी विविध झाली, तितकी क्वचितच एखाद्या शालेय बँडची झाली असतील. ड्रम वाजवणारे व्हिक्टरी राणा नेपाळच्या लष्करात उच्च पदावर पोहोचले. १९९९ मध्ये सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे सेनापतिपद त्यांच्याकडे आले. डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये अभिनेते झाले. ‘द ज्युएल इन द क्राउन’ (१९८४) ही मालिका आणि ‘माय ब्युटिफुल लाँड्रेट’ (१९८५) हा चित्रपट यांतील त्यांच्या भूमिका गाजल्या. त्याआधी ‘ओन्ली व्हेन आय लाफ’ या विनोदी मालिकेत (१९७९ ते १९८२) त्यांनी रुग्णालयातील परिचारकाची भूमिका केली होती. त्या पात्राचे नाव ‘गुप्ते’ हे मराठी वाचकाला गंमतीचे वाटेल. फरंग इराणी उपाहारगृहाच्या व्यवसायात गेले. ब्रूस मरे इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. या जुन्या मित्रांनी वेळोवेळी सांगितलेल्या आठवणींमुळेच ‘हेक्टिक्स’ची कथा टिकून राहिली.

फारोख १९६३ मध्ये झांझिबारला परतला. १२ जानेवारी १९६४ रोजी तेथे सुलतानाविरुद्ध क्रांती झाली. अरब आणि हिंदी वंशाच्या अनेक लोकांना प्राणास मुकावे लागले, हजारोंनी देश सोडला. बलसारा कुटुंबाने लंडनजवळील फेल्टम गाठले. ईलिंग येथील कला महाविद्यालयात फ्रेडीने ग्राफिक कलेचे शिक्षण घेतले आणि १९६९ मध्ये पदविका मिळवली. काही लहान बँडमध्ये उमेदवारी केल्यावर १९७० साली ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासह त्याने ‘क्वीन’ स्थापन केला. जॉन डीकन १९७१ मध्ये आला. याच सुमारास बलसारा हे आडनाव मागे पडून ‘मर्क्युरी’ आले. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अग्रस्थानी होते. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली येथील ‘लाइव्ह एड’मधील त्यांचे वीस-एक मिनिटांचे सादरीकरण आजही आदर्श मानले जाते.

पाचगणीत आत्मसात केलेले पन्नाशीच्या दशकातील संगीत त्याने सोडले नव्हते. १९७९ सालचे ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ हे त्याचे गाणे एल्विसच्या शैलीला वाहिलेली सरळ आदरांजली आहे. थोडक्या कॉर्ड, साधा ठेका आणि मोकळा आवाज. १९८० मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. बारा वर्षांच्या फ्रेडीला ते वाजवायला फारसे अवघड गेले नसते.

विसरलेले आणि आठवलेले

आपल्या हिंदुस्थानातील बालपणाविषयी फ्रेडी मुलाखतींत फार कमी बोलला. त्या काळच्या ब्रिटनमधील वांशिक वातावरण पाहता त्याचे कारण समजण्यासारखे आहे. झांझिबारचा पारशी हा परिचय रॉक गायकाच्या प्रतिमेत बसवणे त्याला सोयीचे वाटले नसावे. ‘क्वीन’ने जगभर दौरे केले, पण फ्रेडी असताना हा बँड भारतात कधी आला नाही. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सशी संबंधित न्यूमोनियाने, वयाच्या ४५व्या वर्षी, लंडनमध्ये त्याचे निधन झाले. आदल्याच दिवशी त्याने आपला आजार जाहीर केला होता. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. आयुष्यभर बाजूला ठेवलेला फारोख अखेरच्या प्रार्थनेत परत आला.

त्यानंतर त्याच्या स्मृती अनेक गावांनी जपल्या. स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे सरोवराकाठी १९९६ मध्ये त्याचा पुतळा उभारला गेला, फेल्टममधील घरावर २०१६ मध्ये निळा स्मृतिफलक लागला, स्टोन टाउनमध्ये २०१९ साली संग्रहालय निघाले. २०२३ मध्ये लंडनमधील लिलावात त्याचा यामाहा पियानो सतरा लाख पौंडांहून अधिक किमतीला विकला गेला. २०१८ मधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा चित्रपट भारतातही पाहिला गेला, पण कथा सुरू होते ती लंडनमध्ये. पाचगणीची वर्षे त्यात नाहीत.

हौशी बँडचे मूल्य मात्र त्यातून निघणाऱ्या एका ताऱ्यावर ठरवू नये. पाचांपैकी चौघे संगीताच्या जगात तारे झाले नाहीत. तरी त्यांची ती दोन-चार वर्षे फुकट गेली असे कोण म्हणेल? घरापासून हजारो मैल दूर असलेल्या मुलांना त्या बँडने एकमेकांचे केले. त्यासाठी लागले काय? तासाभराची मोकळीक, एक पियानो, एक रिकामे खोके आणि गोंगाटाकडे थोडा काणाडोळा करणारे शिक्षक. आज घरोघरी कीबोर्ड आहेत, वाद्ये शिकवणारे वर्ग आहेत आणि गुणपत्रिकेत कलेचा रकानाही आहे. पाच मुलांनी परीक्षेविना, बक्षिसाविना एकत्र बसून चुकतमाकत वाजवावे, एवढा रिकामा वेळ मात्र वेळापत्रकात सहसा नसतो. फारोखच्या मुख्याध्यापकांनी लिहिलेल्या पत्राचे मोल हा चषक जिंकेल की नाही यावर ठरलेले नव्हते. हा मुलगा वाजवताना खुलतो एवढेच त्यांनी पाहिले होते आणि ते घरी कळवले होते.